एक्स्त्रेमादुरात रोड सायकल: मेरिदा ते प्लासेन्सिया मार्ग तपासून द्या

विजापूर_वेस

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या मध्यावर आम्ही चौघं स्पेनच्या पश्चिमेला, एक्स्त्रेमादुरा भागात जायचं म्हणतोय. मोठी शहरं नकोत. जुनी गावं, दगडी चौक आणि कमी गाड्या हव्यात. ढोबळ आखणी अशी: मेरिदा, कासेरेस, त्रुहियो, ग्वादालुपे, तिथून वर ला व्हेरा भाग आणि शेवट प्लासेन्सिया. रोज १०० किमी धरलेत.

सायकलींना पुढे ५२/३६ आणि मागे ११-२८ दातांची चक्रं, टायर २५ मिमीचे. सामान सॅडल बॅग आणि हँडलबार बॅगेत, माणशी सहा-सात किलो. सराव सगळा इथलाच, सोलापूरच्या आसपासचा: तुळजापूर, नळदुर्ग, मंगळवेढा.

विचारायचंय ते असं. ॲप सारखं मातीच्या वाटेवर नेतंय, तर नेमके रस्ते कोणते धरायचे? गिअर पुरतील का? सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? आणि दोघं शाकाहारी आहेत, त्यांचं काय? रात्री साडेचारला उठून उन्हाच्या आत पोचायची सवय आहे, त्यामुळे उन्हाची काळजी नाही.

---

घाटमाथा

मालक, आखणी चांगली आहे, पण किलोमीटरवर बेतू नका. त्या भागात दिवस ठरतो तो पाण्यावर आणि दुपारी दुकानं बंद होण्यावर. ते खाली सांगतो, आधी रस्ते.

स्पेनमध्ये महामार्ग बांधताना बऱ्याच ठिकाणी जुना राष्ट्रीय रस्ता तसाच ठेवून शेजारून नवा काढला. गाड्या नव्यावर गेल्या, जुना रिकामा पडला. तुमचे पहिले दोन टप्पे नेमके असेच आहेत. मेरिदा-कासेरेस हा एन-६३० (नवा ए-६६ शेजारून जातो), साधारण ७० किमी. कासेरेस-त्रुहियो हा एन-५२१ (शेजारी ए-५८), ४७च्या आसपास. दोन्हींना साइडपट्टी आहे, चढ सौम्य आहेत. ॲपला नुसतं "सायकल" सांगितलं की ते तुम्हाला जुन्या रोमन रस्त्याच्या यात्रेकरूंच्या पायवाटेवर ढकलतं. ती रोड सायकलची नाही. प्रोफाइल "रोड" करा आणि एन-६३० वर बोट ठेवून हाताने रेघ ओढा.

फसगत होते ती गोल चौकात. ए-६६ आणि एन-६३० एकमेकांना वरचेवर छेदतात आणि प्रत्येक ठिकाणी चौकातून चार-पाच फाटे फुटतात. पाटीचा रंग बघायची सवय लावा. निळी म्हणजे महामार्ग, तिकडे वळू नका. लाल म्हणजे एन रस्ता. पुढे ग्वादालुपेकडे ईएक्स अक्षरांचे प्रांतिक रस्ते लागतात, त्यांच्या पाट्या नारिंगी, हिरव्या, पिवळ्या. पिवळ्याकडे जाल तसा रस्ता अरुंद, गाड्या तुरळक.

पहिल्या दिवशी अल्हुसेनचा फाटा मागे पडला की कासास दे दोन आंतोनियोपर्यंत पाण्याची खात्री नाही. दोन बाटल्या भरूनच निघा. मेरिदातून निघण्याआधी रोमन पूल आणि नाट्यगृह बघून घ्या. शहर इ.स.पू. २५ मध्ये वसवलेलं आहे आणि पूल आजही पायी ओलांडता येतो. कासेरेसचं तटबंदीतलं जुनं गाव १९८६पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे सायकल हातात धरून चाला, दगड गुळगुळीत झालेत. योगायोग म्हणजे कासेरेसची समुद्रसपाटीपासूनची उंची आपल्या सोलापूरएवढीच, साडेचारशे मीटरच्या आसपास.

त्रुहियो-ग्वादालुपे: ईएक्स-२०८ ने सोरिता, तिथून ईएक्स-१०२ ने लोग्रोसान, कान्यामेरो, ग्वादालुपे. ७८-८० किमी. लोग्रोसानपर्यंत लांब लांब लाटा, म्हणजे आपल्या मंगळवेढ्याच्या माळासारखंच, फक्त ज्वारीच्या जागी ओकची झाडं आणि त्याखाली चरणारी काळी डुकरं. कान्यामेरोनंतर खरा डोंगर सुरू होतो. शेवटच्या १७-१८ किमीसाठी पाय राखून ठेवा आणि कान्यामेरोत बाटल्या भरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ग्वादालुपेचा मठ १९९३चा जागतिक वारसा आहे. त्याच्याच आवारात राहायची सोय आहे, पण ईस्टरच्या आठवड्यात आणि लागून सुट्ट्या आल्या तर खोली मिळत नाही. मठासमोरच्या चौकातलं कारंजं नुसतं शोभेचं समजू नका. कोलंबसाने आणलेल्या दोघा अमेरिकी आदिवासींना १४९६ मध्ये तिथेच बाप्तिस्मा दिला होता.

पुढचा टप्पा बहुतेक लोक गाळतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात देखणा आहे: ईएक्स-११८ ने नावाल्व्हियार दे इबोर, कास्तान्यार दे इबोर, बोओनाल दे इबोर करत नावाल्मोराल दे ला माता. सुमारे ८० किमी. पहिला अर्धा डोंगराळ, नंतर उतार. बोओनाल ओलांडून धरणाच्या पाण्याशी पोचलात की रस्त्याला लागूनच रोमन देवळाचे खांब उभे दिसतील. तालाव्हेरा ला व्हिएहा हे गाव धरणात गेलं तेव्हा उचलून वर आणून लावलेत. आपल्याकडे उजनीत पळसदेव आहे, त्यातलाच प्रकार, फक्त इथे देऊळ हलवलं.

नावाल्मोरालहून ईएक्स-११९ ने हारांदिया, ३५ किमीच्या आसपास. मग ईएक्स-२०३ ने क्वाकोस दे युस्ते, हारायस, प्लासेन्सिया. युस्तेचा मठ क्वाकोसपासून दोनेक किमी चढावर आहे, सम्राट पाचवा कार्लोस १५५८ मध्ये तिथे वारला. मठ तयार होईपर्यंत तो हारांदियाच्या किल्ल्यात राहिला होता, त्या किल्ल्यात आता सरकारी हॉटेल आहे. हारांदियाच्या अलीकडे तीएतार नदीच्या पट्ट्यात भोकं भोकं ठेवून रचलेल्या विटांची लांबलचक कोठारं दिसतील. ती तंबाखू वाळवायची.

कोणी थकलं तर माघारीची वाट दोन ठिकाणी: त्रुहियोहून ग्वादालुपे गाळून ईएक्स-२०८ ने थेट मोन्फ्राग्वे अभयारण्यातून प्लासेन्सिया (८०-८५ किमी), किंवा नावाल्मोरालहून रेल्वे. मात्र त्रुहियो ते तोर्रेहोन एल रुबियो या पट्ट्यात रस्त्यावर गावच नाही म्हणा. ४० किमीला पुरेल एवढं पाणी लागतं. ग्वादालुपेत रेल्वे नाही, तिथे कोणी आजारी पडलं तर टॅक्सी किंवा बस.

---

स्पोक_निपल

रस्त्यांचं घाटमाथा अण्णांनी सांगितलंच. गिअरचं मी सांगतो: ३६/२८ पुरणार नाही. "जमेल" आणि "पुरेल" यात फरक आहे.

हिशोब करून बघा. माणूस, सायकल, सामान मिळून ९० किलो धरा. ८ टक्के चढावर ३६/२८ ने (पुढे ३६, मागे २८ दात) पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग होतो ताशी ९.७ किमी आणि त्याला चाकावर २०० वॉटच्या आसपास ताकद लागते. ३४/३४ ने त्याच ६० फेऱ्यांना वेग साडेसात किमी, ताकद १५५च्या आसपास. पहिल्या दिवशी २०० वॉट निघतील. तिसऱ्या दिवशी कान्यामेरोच्या चढावर फेऱ्या ४५ वर येतील आणि गुडघा बोलायला लागेल.

म्हणून मागे ११-३४ कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) घाला. पण आधी मागच्या डीरेल्युअरची (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) मर्यादा बघा. छोट्या पिंजऱ्याचं मॉडेल बरेचदा २८ किंवा ३० दातांपर्यंतच चालतं, ३४ घातलं की त्याचं वरचं छोटं चाक कॅसेटला घासतं. मध्यम पिंजऱ्याचं लागेल. चेनही नवी आणि लांब घ्या. जुनी चेन लहान पडली आणि चुकून पुढे-मागे दोन्हीकडे मोठं चक्र टाकलं तर डीरेल्युअर हँगरसकट (तो फ्रेमला जोडणारा तुकडा) उपटतो. पुढे ५०/३४ करता आलं तर सोन्याहून पिवळं, पण एकच बदलायचं तर मागचं बदला.

टायर २५ नकोत, २८ किमान, फ्रेममध्ये बसत असतील तर ३०. ईएक्स रस्त्यांचं डांबर बऱ्याच ठिकाणी खडबडीत आहे, खडी वर दिसते. २५ मध्ये १०० पीएसआय मारून गेलात तर दिवसभर हात बधिर होतील. ७५ किलोच्या माणसाला सामानासकट २८ मध्ये मागे ७५, पुढे ७० पुष्कळ. काटे तिथेही आहेत बरं का. आपला सराटा भूमध्य भागातलाही रहिवासी आहे, तिकडे त्याला आब्रोहो म्हणतात. साइडपट्टीच्या कडेला सायकल आडवी टाकू नका, उभी टेकवा. एप्रिलमध्ये तो कोवळा असतो, खरा त्रास उन्हाळा सरताना.

सायकल न्यायची की भाड्याने? एवढ्या दिवसांना स्वतःची न्या. भाड्याची चांगली सायकल माद्रिद, सेव्हिलसारख्या मोठ्या शहरात मिळते, मेरिदाला पोचून शोधू म्हटलं तर मापाची मिळेलच असं नाही. भाड्यानेच घेतली तर पेडल आणि सीट स्वतःचं न्या आणि चढण्याआधी ब्रेक तपासा. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजवा लिव्हर पुढच्या ब्रेकचा, तिकडे डावा पुढचा. उतारावर घाबरून नेहमीच्या हाताने दाबाल आणि भलतंच चाक अडकेल. केबलचे ब्रेक असतील तर दुकानदाराला अदलाबदल करून मागा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

खोक्यात भरताना: दोन्ही पेडल काढा, डाव्याचा आटा उलटा असतो हे धरून. मागचा डीरेल्युअर हँगरवरून सोडवून फुग्याच्या कागदात गुंडाळून चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची खालची नळी) आत बांधा. स्क्रूवर लटकत ठेवला तर खोकं एकदा आपटलं की हँगर वाकतो. सुटा हँगर एक जास्तीचा न्या, तुमच्याच फ्रेमचा. दर फ्रेमचा वेगळा असतो आणि त्रुहियोत मिळणार नाही. हायड्रॉलिक डिस्क असेल तर कॅलिपरमध्ये प्लास्टिकची चकती घाला, नाहीतर प्रवासात लिव्हर दाबला जाऊन पॅड चिकटतात. डिस्क रोटर काढून कपड्यांत ठेवा. टायरमधली हवा अर्धी करा, पूर्ण सोडू नका, रिम वाचते. पॉवर बँक आणि इलेक्ट्रॉनिक गिअरच्या सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेत. टायरमध्ये हवा भरायचे गॅसचे छोटे सिलिंडर आणूच नका, विमान कंपनीशी घासाघीस होते. छोटा पंप पुरे. स्टेम (हँडल धरणारा भाग) जुळवताना बोल्ट ५ एनएम (न्यूटन-मीटर) आवळा, कार्बन असेल तर त्यावर छापलेलाच आकडा.

---

कंबरतलाव_पहाटे

उन्हाबद्दल जे लिहिलंय तिथे थोडं थांबा, कारण बेत तिथेच चुकतोय.

स्पेनचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे चालतं आणि एक्स्त्रेमादुरा तर पश्चिमेच्या टोकाला. एप्रिलच्या मध्यावर उजाडतं ते साडेसातनंतर. साडेचारला उठून काय करणार, अंधार आणि पाच-सात अंश थंडी. सूर्य डोक्यावर येतो सव्वादोन-अडीचला आणि दिवसाचं सगळ्यात जास्त ऊन पाच-सहाच्या सुमारास. आपल्याकडे चार वाजले की "आता उतरेल" म्हणून निघतात, तिथे ते करू नका. आठला निघा, दोनच्या आत पोचा. संध्याकाळी नऊपर्यंत उजेड आहे, गाव तेव्हा बघा. गावंही तेव्हाच जागी होतात.

एप्रिलमध्ये दुपार साधारण २० अंशांवर सुखाची, पाऊसही होऊ शकतो. बाह्या, हलकं विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे ग्लव्ह्ज लागतील. ग्वादालुपेहून सकाळी निघताना बोटं आखडली तर ब्रेक नीट दाबता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हाच भाग आपल्या मे महिन्यासारखा तापतो, चाळीशीच्या वर.

दुकानं दुपारी दोनला बंद होतात ती पाचला उघडतात. रविवारी लहान गावात किराणा उघडा सापडणार नाही, त्यामुळे शनिवारी संध्याकाळीच दुसऱ्या दिवसाचं घेऊन ठेवा. दुपारचं जेवण दीड-दोनला सुरू, रात्रीचं नऊच्या आत बऱ्याच ठिकाणी मिळतच नाही. मधल्या वेळेला बार. बार म्हणजे नुसती दारू नव्हे, सकाळची कॉफी आणि टोस्टही तिथेच. बाटली भरून द्यायला कोणी नाही म्हणत नाही. चौकातल्या नळावर "आग्वा पोताब्ले" असेल तर प्या, "नो पोताब्ले" असेल तर डोक्यावर ओता.

शाकाहारींसाठी: "सिन कार्ने" (मांसाशिवाय) एवढ्यावर भागत नाही. वाळवलेलं डुकराचं मांस आणि ट्यूना यांना बरेच वाढपी "मांस" धरतच नाहीत. "सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून" असं तिन्ही म्हणा. भरवशाचं म्हणजे सकाळी टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल लावलेला टोस्ट. अंडं चालत असेल तर बटाट्याचं ऑम्लेट, तोर्तिया, सगळीकडे मिळतं. मिगास म्हणून पावाच्या चुऱ्याचा पदार्थ दिसेल, आपल्या फोडणीच्या पोळीच्या जवळचा, पण त्यात डुकराची चरबी असते.

कडक भाकरी आणि शेंगा चटणी बिनधास्त न्या. उन्हातान्हात खराब होत नाही आणि मीठ-तेल दोन्ही मिळतं. पेढे, तुपातले लाडू, खवा असलं काही नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

---

विजापूर_वेस

खूप खूप आभार. बेत बदलतोय: १०० चा आग्रह सोडला, कॅसेट बदलणार. अजून दोन प्रश्न. हेर्ते खोऱ्यात चेरीचा बहर बघायचाय, जमेल का? आणि प्लासेन्सियाहून जुन्या रेल्वेमार्गाची "व्हिया व्हेर्दे" दिसतेय, ती घेतली तर गाड्याच नाहीत. मग ती का नको?

---

घाटमाथा

बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत असतो, थंडीवर मागेपुढे होतो. मध्यावर गेलात तर खालच्या शेतांतला गळून गेलेला, वरच्या अंगाला थोडा शिल्लक असला तर नशीब. आणि बहराच्या शनिवार-रविवारी एन-११० वर गाड्यांची रांग लागते, त्यामुळे हुकलं तर फार वाईट वाटून घेऊ नका. खोरं तरीही चढण्यासारखं आहे. प्लासेन्सियाहून नाव्हाकोन्सेहो, काबेसुएला, हेर्ते, तोर्नाव्हाकास आणि वर खिंड, १,२७५ मीटरच्या आसपास. हेर्ते गावापासून खिंड तेराएक किमी, सरासरी चढ पाच टक्के. सामान प्लासेन्सियात खोलीवर ठेवून जा-ये करा. काबेसुएलाहून डावीकडे होन्दुरासची खिंड चढून एर्व्हासला उतरता येतं, पण ती १,४०० मीटरच्या वर आहे आणि रस्ता अरुंद. चौघांतल्या सगळ्यात हळू माणसाला विचारून ठरवा.

मंगळवारी प्लासेन्सियात असलात तर मुख्य चौकातला बाजार बघा, मध्ययुगापासून मंगळवारीच भरतो. मंगळवार पेठेतल्या माणसाला हे सांगायला नको.

---

स्पोक_निपल

व्हिया व्हेर्देबद्दल: चढ नगण्य असतो हे खरं, रेल्वेचा मार्ग असल्यामुळे. पण बहुतेकांचा पृष्ठभाग दाबलेल्या मातीचा. माती कोरडी असेल तर २८ च्या टायरवर हळू जाता येतं. पाऊस पडला की माती ब्रेक आणि मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरेनासं होतं. रेल्वेमार्ग म्हणजे बोगदे आले, तेव्हा पुढचा दिवा चांगला हवा. रोड सायकलवर चाललात तर एन-६३० च बरा. सगळ्यांची ३५-४० टायरची ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्याची सायकल) असती तर मी उलटं सांगितलं असतं.

---

मुळेगाव_टीटी

माझं एका गोष्टीवर दुमत आहे. ३४ ची कॅसेट घेतली म्हणून सराव सोडू नका, तुळजापूरचा घाट लहान आहे. सोलापूर-तुळजापूर ४५, तिथून नळदुर्ग ३५, परत सोलापूर ४८ असा त्रिकोण सामान बांधूनच मारा, सलग दोन दिवस. एक दिवस १३० करणं आणि दुसऱ्या दिवशी त्याच पायांनी पुन्हा बसणं यात फार अंतर आहे. घाटात चार-पाच वेळा खाली-वर करा, बसूनच, ७० फेऱ्यांच्या खाली न जाता. नळदुर्ग-सोलापूर परतीला पश्चिमेचा वारा तोंडावर असेल तर उत्तम. लांब चढाचा दम आपल्या सपाटीवर वाऱ्याशिवाय दुसरीकडे कुठे मिळत नाही.

नियम थोडक्यात. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं. दोघांनी शेजारी-शेजारी चालायला परवानगी आहे, पण वळणावर आणि मागे गाड्या साठल्या की एकामागे एक व्हा. कानात इअरफोन चालत नाही, दंड होतो. दारूची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू. ओलांडणाऱ्या गाडीने दीड मीटर अंतर सोडायचं असतं आणि बहुतेक चालक ते खरंच सोडतात, त्यामुळे आपल्यासारखं मातीत उतरायची गरज नाही, सरळ रेषेत राहा. अडचणीला ११२.

उजव्या बाजूने चालायची सवय सरळ रस्त्यावर लगेच होते. चूक होते ती बारमधून बाहेर पडताना आणि रिकाम्या रस्त्यावर डावीकडे वळल्यावर. गोल चौकात घड्याळाच्या उलट दिशेने. आरसा डावीकडे लावा.

व्हिसाला दर रात्रीचं बुकिंग मागतात, तेव्हा रद्द करता येणारी घ्या. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, आणि त्यात सायकलिंगचा अपघात वगळलेला नाही ना, ते पॉलिसीच्या बारीक अक्षरांत वाचूनच पैसे भरा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, एप्रिलसाठी जानेवारीतच करा. प्लासेन्सियाहून माद्रिदला परतताना गाडीत सायकलच्या जागा मोजक्या असतात, चौघांना एकाच गाडीत मिळतीलच असं नाही. तिकिटासोबतच सायकलची जागा काढा, नाहीतर दोघं-दोघं करून दोन गाड्यांनी जा.

---

कंबरतलाव_पहाटे

अजून एक राहिलं. ओकच्या रानांतल्या पिवळ्या पाटीच्या रस्त्यांवर गुरं अडवायला जमिनीत लोखंडी पाइपांची जाळी असते. वेग कमी करून अगदी काटकोनात ओलांडा, हँडल वळवू नका, ओली असेल तर उतरून चाला. आणि मेंढ्यांच्या कळपाबरोबर मोठी मास्तीन कुत्री असतात. पळवायला गेलात तर ती मागे लागतात. उतरून सायकल मधे धरून, हळू चालत कळप ओलांडा. धनगर जवळपास असतोच, तो हाक मारून आवरतो.

---

विजापूर_वेस

समजलं. मध्यम पिंजऱ्याचा डीरेल्युअर मागवतोय. रविवारी तुळजापूर-नळदुर्ग त्रिकोण सामानासकट, सकाळी सहाला विजापूर वेशीतून. ज्याला यायचंय त्याने इथेच कळवा.